पिकअपच्या चाकाचा बोल्ट तुटला तर: वेल्डिंग नको, नवा बोल्ट बसवा

गेल्या सीझनला टोमॅटोचे क्रेट भरून आम्ही नारायणगावहून वाशीला निघालो होतो. ओतूर मागे पडलं आणि मागच्या डाव्या चाकातून टक-टक आवाज यायला लागला. वेग कमी केला की आवाज सावकाश, वाढवला की भरभर. पुढे माळशेज घाट. खाली उतरून बॅटरी मारली, तर पाचातला एक बोल्ट नटासकट गायब, आणि शेजारचा नट नुसत्या बोटांनी फिरत होता. त्या नटाखालून गंजाची लालसर रेघ रिमवर ओघळली होती. ही रेघ दिसली की नट सैल होऊन हलतोय असं समजा.

दोन दिवसांपूर्वी पंक्चर काढताना ते चाक निघालं होतं. त्यानंतर नटांना पुन्हा पाना लावून कुणी पाहिलं नव्हतं, आम्हीही नाही.

बोल्ट का तुटतो ते कळलं की पुढची कामं आपोआप कळतात. गाडीचं वजन नुसत्या बोल्टांवर नसतं. नट आवळल्यावर रिम हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, घट्ट दाबली जाते, आणि त्या दाबाने जी पकड येते तिच्यावर वजन पेललं जातं. नट सैल झाला की रिम हलते, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला बोल्ट किंचित वाकतो आणि सरळ होतो. तार मागेपुढे वाकवून तोडतो तसा तो तुटतो. तुटलेलं तोंड बघा. शिंपल्यासारख्या वळणदार रेघांचा गुळगुळीत भाग दिसला, तर चीर हळूहळू वाढत होती. मान ओढल्यासारखी बारीक झाली असेल, तर कुणीतरी पान्याला पाइप लावून गरजेपेक्षा जास्त आवळलंय.

रस्त्यात असाल तर

गाडी सपाट, कडक जागेवर बाजूला घ्या, पार्किंग लाइट आणि त्रिकोण लावा. उरलेले नट पान्याने तपासून आवळा. एकच बोल्ट गेला असेल आणि बाकीचे पक्के असतील, तर माल दुसऱ्या गाडीत द्या आणि रिकामी गाडी सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत न्या. दोन गेले असतील, किंवा रिमची भोकं लांबट झाली असतील, तर गाडी हलवूच नका. आम्ही त्या रात्री दुसरी गाडी बोलावून क्रेट हलवले. बाजार थोडा हुकला, पण भरल्या गाडीने घाट उतरवण्यापेक्षा ते परवडलं.

तुटक्या बोल्टाला नवा तुकडा वेल्डिंगने जोडून देतो असं सांगणारे भेटतील. त्याला सरळ नाही म्हणा. हा बोल्ट उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने ती ताकद बिघडते आणि तो जोडाजवळ पुन्हा तुटतो.

नवा बोल्ट आणताना

जुना बोल्ट आणि नट दोन्ही दुकानात घेऊन जा. जाडी, लांबी आणि आटे जुळले पाहिजेत. १२ मिमीच्या बोल्टाला १.२५ आणि १.५ मिमी अंतराचे असे दोन्ही आटे मिळतात. चुकीचा नट दोन-तीन फेरे चढतो, मग अडतो आणि आटे खातो. बोल्टाच्या डोक्याखाली उभे दाते असतात. हबच्या भोकात तेच घट्ट बसतात, म्हणून तिथली जाडीही मोजून घ्या. एक तुटला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचेही बदला, कारण त्याचा भार त्यांनी सोसलाय. दोन तुटले असतील तर त्या चाकाचे सगळे.

काढणं आणि बसवणं

मागच्या चाकाचं काम असेल तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, कारण ब्रेकचा ड्रम काढायला हँडब्रेक सोडावा लागतो. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. मग जॅक लावा, खाली पक्का स्टँड द्या आणि चाक काढा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका.

ड्रम अडकला असेल तर त्यावर आट्यांची दोन भोकं आहेत का पाहा. त्यांत मापाचे बोल्ट सारखे-सारखे आवळत गेलं की ड्रम पुढे सरकतो. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा भाग) तारेने टांगून ठेवा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. काही मोठ्या पिकअपला मागचा हबच खोलावा लागतो. ते काम फिटरकडेच द्या.

आता हब फिरवून बोल्टाचं डोकं मागे मोकळं होईल अशी जागा शोधा. मागच्या हबवर हातोड्याचे नेमके ठोके देऊन बोल्ट मागे निघतो. पुढच्या हबवर मात्र ठोकू नका, बेअरिंगला मार बसतो. तिथे दाबून काढायचं हत्यार वापरा.

नवा बोल्ट मागून घाला, दाते जुन्या खाचांत बसवा. पुढून ग्रीस लावलेले तीन-चार जाड वायसर आणि एक जुना नट, सपाट बाजू आत करून, चढवा आणि आवळत जा. बोल्ट हळूहळू ओढला जातो. डोकं मागे पूर्ण टेकलंय का हे बोट फिरवून बघाच. केसाएवढी फट राहिली तरी ती फट पुढे रस्त्यात बसते आणि नट सैल होतो.

आवळणं

रिम आणि हबची टेकणारी बाजू तारेच्या ब्रशने घासा. तिथला गंज आणि रंगाचे पापुद्रेही नट सैल करतात. बोल्टाच्या आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, त्याने तेवढ्याच जोरात जास्त ताण पडतो. नटाची निमुळती बाजू रिमकडे ठेवा. सगळे नट आधी हाताने चढवा, मग एक सोडून एक असे आवळा, गाडी खाली घेऊन शेवटचा जोर द्या.

किती जोर, ते गाडीच्या पुस्तकात असतं. १२ मिमीच्या बोल्टाला साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे ४० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला २५-३० किलोचा दाब. सत्तर किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या पान्यावर उभा राहिला की याच्या जवळपास तिप्पट जोर लागतो, आणि आपल्याकडे तसंच आवळतात. किती जोर लागला ते दाखवणारा टॉर्क पाना भाड्याने किंवा मागून आणा, पण आणा.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. आम्ही आता प्रत्येक नटावरून बोल्टाच्या टोकापर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ मारतो. माल भरताना नजर टाकली तरी कळतं, कुठली रेघ तुटलीय.