कोळशाच्या खाणींची तळी झाली तिथे ग्रॅव्हल सायकल: गोव्याहून लाउझिट्सला जाणाऱ्यांसाठी

डिचोलीच्या आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये यंदा चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, की तू जर्मनीत ती खाणींची तळी फिरून आलास तर आम्हाला जायचं झाल्यास काय काय लागेल. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो, वाचा आणि मग विचारा.

आधी जागा समजून घ्या, कारण ती समजली नाही तर सायकल कुठे चालवायची आणि कुठे अजिबात नाही ते कळणार नाही. बर्लिन आणि ड्रेस्डेनच्या मध्ये लाउझिट्स नावाचा भाग आहे, थोडा ब्रांडेनबुर्ग राज्यात आणि थोडा सॅक्सनीत. इथे जमिनीवरून उघड्या खाणी खणून तपकिरी कोळसा काढला, त्यासाठी वर्षानुवर्षं जमिनीखालचं पाणी पंपाने उपसत राहिले, आणि त्यात 130 हून जास्त गावं आणि वस्त्या पूर्ण किंवा अर्ध्या गेल्या. 1990 नंतर बहुतेक खाणी बंद पडल्या, पंप थांबले, खालचं पाणी परत वर यायला लागलं, आणि भरायला वेळ लागू नये म्हणून श्प्रे आणि श्वार्त्से एल्स्टर अशा नद्यांचं पाणी आत सोडलं. आज तिथे वीसपेक्षा जास्त मोठी तळी आहेत, त्यातली काही बोट जाईल अशा कालव्यांनी एकमेकांना जोडलेली. झेन्फ्टेनबेर्गचं तळं जुन्यांपैकी एक, 1967 ला भरायला सुरुवात झाली आणि 1973 पासून लोक तिथे पोहतात.

आपण खाणपट्ट्यातली माणसं, त्यामुळे हे बघताना पोटात कालवतं. आपल्याकडे 2012 ला लोखंडाच्या खाणी थांबल्या, परत सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद, आणि खंदक तसेच पाण्याने भरून राहिले, काठाला ना रस्ता ना कठडा. खाणीमुळे शिरगावच्या विहिरी कशा आटल्या ते डिचोलीत कुणाला सांगायला नको. म्हणून मला वाटतं की गोव्यातल्या सायकलवाल्याने ही जागा एकदा तरी बघावी.

आता मुख्य गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण ही नको. तिथे तुम्हाला पिवळे किंवा पांढरे बोर्ड दिसतील, त्यावर बेट्रेटन फेरबोटेन म्हणजे आत यायला बंदी, आणि लेबेन्सगेफार म्हणजे जिवाला धोका. आपल्याला सवय असते की बोर्ड आहे पण गेट उघडं आहे, बाजूने पायवाट गेलीय, जाऊया. तिथे हे करायचं नाही. खाणीतून काढलेली वाळू आणि माती परत ओतली ती मोकळी ओतली, दाबून बसवली नाही, आणि आता खालून पाणी चढल्यावर ती वाळू वरून कोरडी आणि घट्ट दिसते पण आतून भिजलेली असते. थोडा धक्का बसला की सगळा थर एकदम पातळ होऊन वाहायला लागतो. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये श्प्रेटालजवळ एक प्रचंड मोठा पट्टा असाच खचला. 2018 ला खुद्द झेन्फ्टेनबेर्गच्या तळ्यातल्या बेटाची कड घसरली, जिथे तेव्हा पंचेचाळीस वर्षं लोक पोहत होते. लाउझिट्सच्या बाहेर नाखटरश्टेट म्हणून गाव आहे, तिथे 2009 मध्ये जुन्या खाणीच्या तळ्यात घरं घसरली आणि तीन माणसं गेली. म्हणजे बोर्ड कुणी हौस म्हणून लावलेला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या जीपीएसवर एक छान बारीक रेघ दिसत होती, चार किलोमीटर वाचत होते, टोकाला जाऊन बोर्ड बघितला आणि वळलो, तेव्हा वाईट वाटलं होतं, संध्याकाळी हॉस्टेलच्या मालकीणबाईंनी त्या बाजूची माती कशी आहे ते सांगितलं तेव्हा वाटेनासं झालं. मॅपवर रेघ आहे म्हणजे रस्ता आहे असं समजू नका, ती रेघ कुणीतरी दहा वर्षांपूर्वी काढलेली असू शकते.

सायकलचं बघू. बरेच जण विचारतात की तळ्याभोवतीचे रस्ते डांबरी आहेत मग ग्रॅव्हल, म्हणजे खडी-मातीवर चालणारी रुंद टायरची सायकल, कशाला. खरं आहे, तळ्यांना वळसा घालणारे बरेचसे सायकल रस्ते रुंद आणि गुळगुळीत डांबरी आहेत, स्केटिंगवाली पोरं पण त्यावरून जातात. पण एका तळ्याकडून दुसऱ्याकडे जाताना पाइनचं जंगल लागतं, तिथे खडीचे रस्ते, वाळूच्या वाटा, जुन्या गावांत दगडी फरसबंदी, आणि मजा तिथेच आहे. टायर 40 मिमीच्या खाली नको, मी 45 चे ट्युबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, वापरले आणि माझं वजन 70 किलो असताना पुढे 28 आणि मागे 31 पीएसआय ठेवले. आपल्या तांबड्या मातीच्या हिशोबाने हवा भरलीत तर फसाल. आपली माती उन्हाळ्यात सिमेंटसारखी घट्ट असते, वर फक्त बारीक खड्यांचा थर, पावसात चिखल. तिथली वाळू फिकट, पिठासारखी बारीक, पावसाने उलट जरा घट्ट होते आणि आठवडाभर ऊन पडलं की चाक रुततं.

वाळूत चालवायची सवय इथूनच करून जा. मिरामारला ओहोटीच्या वेळी सकाळी सहाला जा, ओली कडक वाळू संपून मऊ सुरू होते त्या कडेने चालवा, आणि घरी आल्यावर लगेच गोड्या पाण्याने सायकल धुवा नाहीतर चेन दोन दिवसांत गंजेल. मोरजी-मांद्र्याला नको, तिथे कासवं अंडी घालतात. पद्धत अशी की मऊ पट्टा दिसला की आत शिरायच्या आधीच हलका गिअर टाका, आत गेल्यावर गिअर बदलायला जाल तर पाय अडकतो. बूड थोडं मागे, हात सैल, हँडल दाबून धरू नका, चाक जरा इकडेतिकडे नाचेल त्याला नाचू द्या, पेडल मात्र गोल आणि न थांबता. पुढचा ब्रेक विसरा. नजर दहा मीटर पुढे, चाकाकडे बघितलं की पडलात. आणि खरोखर खोल असेल तर उतरून ढकला, त्यात काही कमीपणा नाही, तिथले लोकही ढकलतात.

आपल्या पाळी-वेळगे बाजूच्या रस्त्यांवर सराव करणाऱ्यांना एक सांगतो, रस्त्यावरच राहा. खाणीच्या लीजच्या आत शिरू नका, ती कुणाची तरी जागा आहे, आणि खंदकाची कड कधी सुटेल सांगता येत नाही, वरून जांभा आणि खाली पोकळ असं पण असतं.

कधी जायचं तर मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे घाई होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तळ्यांच्या काठाला सावली फार कमी, कारण झाडं नवीन आहेत, आणि वारा अडवायला काहीच नाही, समोरून आला की सपाट रस्त्यावर पण घाटासारखा दम लागतो. व्हिसाची तयारी जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करा. सायकल नेणार असाल तर बॉक्समध्ये भरायला दुकानातून जुना कार्टन मागून घ्या, पेडल, पुढचं चाक आणि डिरेल्यर (मागचा गिअर बदलणारा भाग) काढा. पहिल्यांदा जात असाल तर मी म्हणेन की तिथेच भाड्याने घ्या, फक्त टायरची रुंदी आधी विचारून घ्या. बर्लिनहून रीजनल ट्रेनने झेन्फ्टेनबेर्गला पोचता येतं, सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि दारावर सायकलचं चित्र असलेल्या डब्यातच चढायचं.

तीन दिवस झेन्फ्टेनबेर्गलाच मुक्काम ठेवा. पहिल्या दिवशी फक्त त्या तळ्याची फेरी, साधारण 18 किलोमीटर, पाय मोकळे होतात आणि उजव्या बाजूने चालवायची सवय होते, आपली डावीकडची सवय चौकात घात करते म्हणून हे खरंच करा. वाटेत कोशेनचा कालवा बघा, 2013 ला सुरू झाला, हा कालवा बोगद्यातून रस्त्याच्या आणि चक्क नदीच्याही खालून जातो.

दुसरा दिवस सगळ्यात मोठा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. गायर्सवाल्ड, पार्टविट्स, झेडलिट्स अशी तळी जोडत जायचं. मध्ये 30 मीटर उंच लोखंडी मनोरा आहे, लोक त्याला गंजका खिळा म्हणतात, त्याचा रंग बघून मला आमच्या धुळीने माखलेले टिप्पर आठवले. वर चढा, तीन तळी एकदम दिसतात. आणि कालव्यांची नावं नीट वाचा. झोर्नो आणि रोझेनडोर्फ ही खाणीत गेलेल्या गावांची नावं आहेत, गावं राहिली नाहीत, नावं पाण्याला दिली. एक कालवा बार्बाराच्या नावाचा, ती खाणकामगारांची संत. पाण्याच्या रंगाकडे पण लक्ष द्या, काही ठिकाणी निळं हिरवं इतकं स्वच्छ दिसतं की प्यावंसं वाटेल, पण त्या मातीत गंधक आणि लोखंडाचं खनिज असतं, हवा लागली की त्यातून आम्ल तयार होतं, म्हणून बोटीतून चुना टाकून ते पाणी सुधारावं लागतं. पोहायची परवानगी आहे तिथेच पोहा, बाटली मात्र मुक्कामावरूनच भरून घ्या. शेवटी ग्रोसरेशनला जा, तिथे खाणीच्या काठावर गच्च्या बांधल्यात आणि उतारावर द्राक्षाचा मळा आहे, बसून वडा-पाव आठवायला चांगली जागा, कारण तिथे मिळतो फक्त सॉसेज आणि बटाटा. शाकाहारी असाल तर बॅगेत काहीतरी ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळीच पाव, चीज, केळी घेऊन ठेवा.

तिसऱ्या दिवशी लिश्टरफेल्डचा एफ 60 बघायला जा. खाणीवरची माती पलीकडे टाकणारा 502 मीटर लांब लोखंडी पूल, 11,000 टनांचा, 1991 ला सुरू झाला आणि 1992 ला बंदही पडला. त्याच्यावर माणसं घेऊन जातात, हेल्मेट देतात. खाली सायकल लावून वर बघितलं की खाण म्हणजे केवढी गोष्ट होती ते कळतं.

गावांच्या पाट्या दोन भाषांत असतात, जर्मन आणि सोर्ब. झेन्फ्टेनबेर्गचं सोर्ब नाव झ्वी कोमोरोव. ही स्लाव्ह लोकांची जुनी भाषा आहे आणि खाणीत गेलेल्या गावांमध्ये त्यांची बरीच गावं होती. गोव्यात राहून भाषेचं दुखणं काय असतं ते आपल्याला माहीत आहे, तर तिथे कुणी भेटलं आणि बोलायला तयार असलं की थांबा, किलोमीटर नंतर होतील.

बॅगेत दोन ट्यूब, पंक्चर बुजवणाऱ्या सीलंटची छोटी बाटली, प्लग, मल्टीटूल, चेनची जोडकडी, आणि चेनला सुकं लूब, कारण ओल्या तेलाला ती वाळू चिकटते आणि दुपारपर्यंत करकर सुरू होते. पुढे-मागे लाइट हवाच. उन्हाळ्यात जंगलात आगीच्या धोक्याचे आकडे लावलेले असतात 1 ते 5, पाच असेल तर जंगल बंद असू शकतं, तेव्हा डांबरी फेरीच करा. वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. अडचण आली तर फोन 112.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हॉस्टेलवाल्यांकडून बादली आणि ब्रश मागून घ्या आणि सायकल बॉक्समध्ये भरण्यापूर्वी बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस फिरतो त्या भागाच्या, आजूबाजूची वाळू नीट काढा. मी काढली नव्हती, तीन आठवड्यांनी साखळी गावच्या चढावर बेअरिंग वाजायला लागलं आणि म्हापशाला उघडल्यावर आत लाउझिट्सची वाळू निघाली.