प्राण्यांची शरीररचना रेखाटण्याचे काम : पुण्यात सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्राणीशास्त्र शिकणारे आणि चित्रकलेची आवड असणारे विद्यार्थी मला नेहमी विचारतात की, या दोन्ही गोष्टींना सामावून घेणारे काम पुण्यात राहून करता येईल का. करता येते, मात्र त्यासाठी लागणारी तयारी बहुतेकांना वाटते त्यापेक्षा वेगळी असते. संशोधकांच्या शोधनिबंधांसाठी आणि पाठ्यपुस्तकांसाठी प्राण्यांच्या शरीररचनेची चित्रे काढणे हा गेली अनेक वर्षे माझा व्यवसाय आहे. या कामाकडे कुठून वळावे आणि कोणत्या गोष्टींवर वेळ खर्च करावा, याविषयी माझ्या अनुभवातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

इतके चांगले कॅमेरे उपलब्ध असताना हाताने चित्र काढण्याची गरज काय, हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर मी दोन सापांच्या आधारे देते. मण्यार हा अत्यंत विषारी साप आहे आणि कवड्या हा बिनविषारी. दोघांच्याही गडद अंगावर फिकट आडवे पट्टे असल्याने त्यांची गल्लत वारंवार होते. डोके बाजूने पाहिले तर कवड्यामध्ये नाकपुडीजवळचा खवला आणि डोळ्यापुढचा खवला यांच्यामध्ये आणखी एक खवला असतो. मण्यारीत तो नसतो, तेथे हे दोन खवले एकमेकांना थेट भिडलेले असतात. ओल्या नमुन्याच्या छायाचित्रात प्रकाशाची चकाकी नेमकी याच जागेवर पडली की ही सीमा दिसेनाशी होते. चित्रकाराला मात्र तेथे रेषा काढायची की नाही, हे ठरवावेच लागते, आणि ती एक रेषा अधिक किंवा उणी झाली तर चित्रातला साप दुसऱ्याच कुळातला होतो. शास्त्रीय चित्रातील प्रत्येक रेषा हे असे एक विधान असते, आणि त्या विधानाची जबाबदारी चित्र काढणाऱ्याची असते, ही जाणीव मला या व्यवसायातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. सुबक हात सरावाने येतो. ही जाणीव मुद्दाम बाणवावी लागते.

ती बाणवण्यात आपल्या शिक्षणाची एक सवय आड येते. अकरावी-बारावीपासून प्रात्यक्षिकांच्या जर्नलमधील आकृत्या आपण पुस्तकातून किंवा मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवतो. हृदयाचे चार कप्पे कसे काढायचे हे हाताला पाठ होते, परंतु समोरच्या नमुन्यातील हृदय त्या आकृतीहून वेगळे का दिसते, हा प्रश्न मनात येतच नाही. म्हणून माझ्याकडे शिकण्यासाठी येणाऱ्यांना मी पहिले काही महिने कोणतीही छापील आकृती न पाहता केवळ वस्तू समोर ठेवून चित्र काढायला सांगते. छापील आकृती नंतर ताडून पाहायची असते, आणि जेथे फरक आढळेल तेथे आपण चुकलो, पुस्तक चुकले की हा नमुनाच वेगळा आहे, याचा शोध घ्यायचा असतो.

यासाठी लागणारे साहित्य बाजारात मिळते. गणेश पेठेतील किंवा कॅम्पातील मासळी बाजारातून सकाळी ताजा बांगडा आणावा, तो थर्माकोलच्या तुकड्यावर आडवा ठेवून त्याचे पर टाचण्यांनी पसरून घ्यावेत आणि डोके डावीकडे येईल अशा रीतीने चित्र काढावे, कारण मासे डावीकडे तोंड करून दाखवण्याचा संकेत जगभर पाळला जातो. बांगडा नवशिक्यांसाठी उत्तम आहे. त्याच्या दुसऱ्या पृष्ठपराच्या मागे शेपटीपर्यंत सुट्या छोट्या परांची एक रांग असते आणि तशीच रांग खालच्या बाजूला गुदपराच्या मागेही असते; साधारणतः वर पाच आणि खाली पाच. आपण आयुष्यभर बांगडा खात आलेलो असलो तरी या परांकडे लक्ष गेलेले नसते, आणि मोजल्याशिवाय काढू लागलो तर हात आपोआप तेथे दातेरी किनार काढून मोकळा होतो. डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास, शरीराची कमाल उंची ही मापे कर्कटकाने किंवा व्हर्नियर कॅलिपरने घेऊन आधी कागदावर बिंदू मांडावेत आणि मग रेषेला हात घालावा.

माशानंतर कोंबडीचा पाय घ्यावा, आणि त्यावर घाई न करता पुरेसा वेळ द्यावा. खाटकाकडून पंजासकट अख्खा पाय मागून आणावा, मंद आचेवर उकळून मांस सोडवावे आणि हाडे साबणाच्या पाण्यात ठेवून स्वच्छ करावीत. पांढरी करायची असल्यास सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे. कपड्यांसाठीचे ब्लीच हाड कायमचे ठिसूळ करते, म्हणून ते टाळावे. आपण जिला टंगडी म्हणतो ते पोटरीचे हाड असते आणि त्याला चिकटून सुईसारखे निमुळते होत गेलेले दुसरे हाड असते, जे खालच्या सांध्यापर्यंत पोहोचतच नाही. टंगडीच्या खालचा, मागे वळलेला जो सांधा अनेकांना उलटा गुडघा वाटतो, तो प्रत्यक्षात घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांखाली झाकलेला राहतो. बोटांकडे आल्यावर हाडे मोजावीत. मागच्या बोटात दोन, त्यानंतरच्या आतल्या बोटात तीन, मधल्यात चार आणि बाहेरच्यात पाच अशी त्यांची संख्या असते, म्हणजे सर्वाधिक हाडे सर्वांत लांब बोटात नसतात. एवढे एकदा हाताखालून गेले की पुढे बगळा असो वा घार, पाय कोठे वाकतो याविषयी तुमच्या चित्रात संदिग्धता उरत नाही.

येथे एक इशारा गंभीरपणे द्यावासा वाटतो. टेकडीवर फिरताना मेलेला साप, घोरपडीची कवटी किंवा रस्त्यावर वाहनाखाली आलेले उदमांजर दिसले तर अभ्यासासाठी म्हणून ते घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार संरक्षित प्राण्याचे मृत शरीर आणि त्याचे अवयव ही शासनाची मालमत्ता असते आणि ते बाळगणे हा गुन्हा ठरतो. हेतू शैक्षणिक असल्याने सुटका होत नाही. जागेवर मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत आणि वनविभागाला कळवावे.

वन्य प्राण्यांच्या नमुन्यांसाठी संस्थांकडे जावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये प्राणीशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून ते बंद करण्यास सांगितले. प्राण्यांच्या दृष्टीने तो निर्णय योग्य होता असे माझे मत आहे. मात्र त्यामुळे आजचा विद्यार्थी आतडे, यकृत, मूत्रपिंड यांची परस्परांतील जागा प्रत्यक्ष न पाहताच पदवीधर होतो, आणि ही उणीव आपणहून भरून काढावी लागते. जुन्या महाविद्यालयांच्या प्राणीशास्त्र विभागांत काचेच्या बरण्यांतील नमुने आणि जोडलेले सांगाडे असतात. विभागप्रमुखांना रीतसर पत्र दिल्यास बसून चित्र काढण्याची परवानगी मिळू शकते. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तेथील नमुने पाहण्यासाठी आपल्या संस्थेचे किंवा मार्गदर्शकाचे पत्र जवळ असावे. डेक्कन कॉलेजात उत्खननातील प्राण्यांची हाडे ओळखण्यासाठी आजच्या प्राण्यांच्या हाडांचा तुलनात्मक संग्रह ठेवलेला आहे, आणि शेळी व मेंढी यांच्या हाडांतील बारीक फरक ओळखणाऱ्या अभ्यासकांबरोबर एखादा दिवस घालवता आला तर तो जरूर घालवावा. बरणीतील नमुन्यांविषयी एवढेच लक्षात ठेवावे की फॉर्मॅलिन आणि अल्कोहोल यांत रंग टिकत नाहीत आणि ऊती आक्रसतात, त्यामुळे रंगीत चित्रासाठी प्राणी जिवंत असतानाची छायाचित्रे मिळवणे आवश्यक ठरते.

जिवंत प्राणी पाहिल्याशिवाय केवळ हाडांवरून काढलेले चित्र निर्जीव वाटते, आणि कित्येकदा चुकीचेही असते. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात वही घेऊन जावे. बुधवारी ते बंद असते. तेथील गव्यासमोर बसून त्याच्या पाठीचा कणा नीट पाहावा. गव्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत जाणारा उंचवटा मणक्यांच्या लांबलचक काट्यांनी उचललेला असतो, तर आपल्या देशी बैलाचे वशिंड स्नायू आणि चरबी यांचे असते व त्याच्या आत हाडाचा आधार नसतो. म्हणूनच बैल चालताना वशिंड हलते, झुकते. गव्याची पाठ तशी हलत नाही. हा फरक ज्याने पाहिला आहे त्याच्या चित्रातील छायांकनात तो आपोआप उतरतो.

या बाबतीत पुण्याला एक परंपरा आहे आणि ती नव्या चित्रकारांना माहीत असावी असे मला मनापासून वाटते. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५१५ मध्ये गेंड्याचे प्रसिद्ध काष्ठमुद्रित चित्र केले, ते गेंडा न पाहता, दुसऱ्याने केलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून. त्यात खांद्यावर नसलेले एक छोटे शिंग आले आणि पुढची दोन शतके ते युरोपातल्या पुस्तकांतून उतरवले जात राहिले. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणाऱ्या गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मध्ये पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा समोर पाहून रेखाटला. ते चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत; कातडीच्या घड्या कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, हे तांबटांनी समोरच्या प्राण्यावरून घेतले आहे.

साधनांवर सुरुवातीला फार खर्च करू नये. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत ०.१ ते ०.५ मिलिमीटरची जलरोधक शाईची पेने आणि गुळगुळीत जाड कागद मिळतो, तेवढे पुरते. शोधनिबंधांतील रेखाचित्रे बहुधा ठिपक्यांच्या छायांकनाने केली जातात, आणि प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असे गृहीत धरले जाते. चित्र छपाईच्या दीडपट-दुप्पट आकारात काढावे, परंतु लहान झाल्यावर त्याचे काय होईल याचा विचार आधीच करावा: निम्म्या आकारात ०.१ मिलिमीटरची रेषा ०.०५ होते आणि छपाईत तुटते, दाट ठिपके एकमेकांत मिसळून काळा डाग होतो. शेजारी ‘दुप्पट मोठे केलेले’ असे लिहू नये, कारण पान लहान-मोठे झाले की ते विधान खोटे ठरते. चित्राबरोबरच लहान-मोठी होणारी मापरेषा आखावी आणि तिची लांबी मिलिमीटरमध्ये द्यावी. सूक्ष्मदर्शकाला जोडायची आरेखन नळी एखाद्या प्रयोगशाळेत मिळाली तर तिचा सराव जरूर करावा. तिच्यातून नमुना आणि स्वतःचा हात एकाच वेळी दिसतात, आणि प्रमाण चुकण्याची भीती बरीच कमी होते.

आता प्रतिमांकनाविषयी. क्ष-किरणांच्या सीटी यंत्रात नमुन्याच्या अनेक कोनांतून प्रतिमा घेतल्या जातात आणि संगणक त्यांवरून आडव्या छेदांची मालिका तयार करतो. रुग्णालयातील यंत्राचा बारकावा मिलिमीटरच्या काही अंशापर्यंत जातो, मायक्रो-सीटीचा काही मायक्रॉनपर्यंत. सह्याद्रीत मातीखाली राहणाऱ्या देवगांडूळ या पाय नसलेल्या उभयचराची इवलीशी कवटी एकमेव नमुना न कापता पाहता येते, ही या तंत्राची मोठी देणगी आहे. मऊ ऊती मात्र क्ष-किरणांत एकसारख्या फिक्या दिसतात, म्हणून नमुना आयोडीनच्या द्रावणात ठेवून स्नायू आणि मज्जातंतू उठावदार केले जातात. त्याने ऊती काहीशा आक्रसतात, त्यामुळे दुर्मीळ नमुन्यांच्या बाबतीत संग्रहालये सहजासहजी परवानगी देत नाहीत. लहान मासे व बेडकांसाठी जुनी रंजनपद्धतीही अजून उपयोगाची आहे, जिच्यात शरीर पारदर्शक करून हाडे अॅलिझरिनने लाल आणि कूर्चा अॅल्शियन ब्ल्यूने निळ्या केल्या जातात.

स्कॅन हाती आला की चित्र आपोआप मिळाले, असा समज करून घेऊ नये. त्यातून हाड वेगळे काढताना ज्याहून उजळ ते हाड मानायचे अशी करडेपणाची एक मर्यादा आपल्याला निवडावी लागते. ती वर ठेवली तर टाळूची पातळ हाडे गळून पडतात आणि तेथे छिद्रे असल्याचा भास होतो. खाली ठेवली तर शेजारची दोन हाडे जुळून त्यांच्यातील सांधरेषा बुजते. म्हणजे येथेही रेषा काढणारा माणूसच असतो, आणि ज्याने कोंबडीच्या पायाची हाडे हातात घेऊन मोजली आहेत त्याला पडद्यावरचे खोटे छिद्र लवकर ओळखता येते. या सरावासाठी यंत्र जवळ असण्याची गरज नाही. मॉर्फोसोर्स या संग्रहात जगभरातील संग्रहालयांचे स्कॅन ठेवलेले आहेत, त्यांपैकी बरेच शिक्षणासाठी उतरवून घेता येतात, आणि थ्रीडी स्लायसर, फिजी, ब्लेंडर ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. एखाद्या उंदराची किंवा पालीची कवटी घेऊन तिचे प्रत्येक हाड वेगळ्या रंगात सुटे करावे आणि त्यावरून शाईचे चित्र काढावे. एवढ्या एका कामात दोन्ही कौशल्यांची परीक्षा होते.

पहिली कामे बहुधा ओळखीतून येतात. नव्या प्रजातीचे वर्णन लिहिणाऱ्या संशोधकाला डोक्याची वरून, खालून आणि बाजूने अशी चित्रे हवी असतात. पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक, पशुवैद्यक महाविद्यालये, प्राणिसंग्रहालयांचे माहितीफलक येथेही गरज असते. केवळ या कामावर सुरुवातीपासून घर चालेल असे मी सांगणार नाही. माझ्या ओळखीतले बहुतेक जण पहिली काही वर्षे शिकवण्याचे किंवा इतर रेखाटनाचे काम सोबत करत होते. नमुनाचित्रे म्हणून दहा-बारा वेगवेगळ्या प्राण्यांपेक्षा एकाच प्राण्याची मोजमापांसह तीन बाजूंची चित्रे पाठवावीत, कारण संशोधक सौंदर्याआधी खवले मोजतो. दर पूर्ण प्लेटवर, म्हणजे एका पानावर मांडलेल्या चित्रांच्या संचावर, ठरवावा, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल हे काम घेतानाच लिहून द्यावे, आणि चित्राखाली किंवा ऋणनिर्देशात आपले नाव येईल हे आधीच मान्य करून घ्यावे. मूळ चित्र आणि जास्त रिझोल्यूशनची टिफ फाइल स्वतःकडे ठेवावी व त्यावर नमुन्याचा संग्रहालयातील नोंदणी क्रमांक न विसरता लिहावा, म्हणजे पुढे कोणाला एखाद्या रेषेविषयी शंका आली तर तोच नमुना संग्रहातून पुन्हा बाहेर काढून पाहता येईल.