पंचगंगेच्या पाण्याचा नमुना: कुठून, केव्हा आणि कशासाठी

नदीच्या पाण्याची एक बाटली प्रयोगशाळेत दिली, तर पाणी घाण आहे एवढेच कळते आणि तेवढे काठावरच्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. ही घाण कोणाची, कुठे मिसळली आणि कोणत्या वेळी, हे कळायचे असेल तर जागा व वेळ यांचा विचार उपकरणांच्या आधी करावा लागतो.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ सुरू होणारी पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. त्या दरम्यान कोल्हापूर शहराचे सांडपाणी, साखर कारखाने व आसवन्यांचे मळीमिश्रित पाणी आणि इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचे रंगीत पाणी तिच्यात येते. म्हणून किमान पाच जागा ठरवाव्यात: कोल्हापूर शहराच्या वर एक, जयंती नाल्यासारखे शहरी नाले मिसळल्यानंतर दुसरी, इचलकरंजीच्या वर रुई बंधाऱ्याजवळ तिसरी, इचलकरंजीच्या खाली तेरवाड बंधाऱ्याजवळ चौथी आणि संगमाच्या अलीकडे पाचवी. इचलकरंजीच्या काळ्या ओढ्यासारख्या ओढ्यांचा नमुना ते नदीला मिळण्याआधी वेगळा घ्यावा. दोन जागांच्या आकड्यांतला फरक हाच खरा पुरावा असतो. वरच्या जागेचा नमुना नसेल, तर खालचा आकडा कितीही वाईट असला तरी तो कोणाकडेही बोट दाखवू शकत नाही.

नाल्याचे पाणी नदीत शिरताच मिसळत नाही, बरेच अंतर ते एका काठाने वेगळे वाहते. त्यामुळे नमुना काठावरून न घेता शक्यतो पुलावरून, बादली दोरीने सोडून, प्रवाहाच्या मध्यावर आणि पृष्ठभागाच्या फूटभर खाली घ्यावा. दोन्ही काठांवर व मध्ये विद्युतवाहकता (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप) मोजून ती सारखी आली, तरच पाणी मिसळले असे धरावे. हातमोजे घालावेत आणि एकट्याने पाण्यात उतरू नये.

वेळेबाबत कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा विचार अटळ आहे. बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घातलेले असताना पाणी साचते, केंदाळ (जलपर्णी) वाढते आणि तळाशी काळा गाळ बसतो. बरगे काढले की तेच पाणी एकदम खाली जाते व मासे मरतात. म्हणून प्रत्येक नोंदीत तारीख आणि वेळेसोबत बरगे घातलेले होते की काढलेले, हेही लिहावे. विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो; शेवाळ भरपूर असेल तर दुपारी तो फसवा वाढलेला दिसतो. माझ्या मते, एकच वेळ निवडायची असेल तर सूर्योदयाचीच निवडावी.

काठावरच मोजायच्या गोष्टी चार आहेत: तापमान, सामू (पीएच), विद्युतवाहकता आणि प्राणवायू. मीटर नसेल तर 300 मिलीच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरून त्यात मँगेनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालावे. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर पाण्यात प्राणवायू उरलेला नाही. स्नानयोग्य पाण्यात तो लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम हवा, बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा प्राणवायू) 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी आणि सामू 6.5 ते 8.5 असावा.

बीओडीचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा; तिथे तो 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात. मात्र उद्योगांच्या पाण्यात केवळ बीओडीवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण ही चाचणी जिवाणूंवर अवलंबून असते आणि विषारी रसायनांनी तेच मेले की आकडा कमी येऊन पाणी बरे असल्याचा भास होतो. म्हणून सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) सोबत मागावीच. घरगुती सांडपाण्यात बीओडी ही सीओडीच्या साधारण निम्म्याच्या आसपास असते. ती फारच कमी भरली, तर पाण्यात जिवाणूंना न पचणारे काही आहे असा संशय घ्यावा. रंगकामात मीठ भरपूर वापरतात, त्यामुळे सामू चढलेला आणि विद्युतवाहकता व क्लोराइड एकदम वाढलेले दिसले तर शोध प्रक्रिया उद्योगाच्या दिशेने न्यावा. आसवनीचे पाणी गर्द तपकिरी व आम्लधर्मी असते आणि त्याची बीओडी प्रचंड असते. जड धातूंसाठी वेगळ्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू 2 च्या खाली आणावा. कोलिफॉर्मसाठी (मैलापाणी मिसळल्याची खूण असणाऱ्या जिवाणूंसाठी) निर्जंतुक बाटली लागते आणि ही चाचणी टाळू नये: 2012 मध्ये इचलकरंजीत पाण्यातून पसरणाऱ्या काविळीची मोठी साथ आली होती.

आपले आकडे दिशा दाखवतात. पण 1974 च्या जल प्रदूषण कायद्यानुसार खटल्यात ग्राह्य धरला जाणारा सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, संबंधिताला नोटीस देऊन घ्यावा लागतो. त्यामुळे वरच्या आणि खालच्या जागेत मोठा फरक दिसताच, नोंदवही, छायाचित्रे आणि नेमके ठिकाण घेऊन मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे त्याच दिवशी लेखी मागणी करावी, कारण रंगीत पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही.