एचटीटीपीएसमुळे सर्व्हर दमतोय? आधी या चुका टाळा

साइटवर गर्दी वाढून सर्व्हरचा सीपीयू शंभर टक्क्यांवर गेला की पहिला आळ एचटीटीपीएसच्या एन्क्रिप्शनवर, म्हणजे डेटा कूटबद्ध करण्यावर येतो. पण आजच्या प्रोसेसरांत एईएस या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीसाठी खास सोय असते, त्यामुळे डेटा कूटबद्ध करायला फारसं काही लागत नाही. खर्च होतो तो हँडशेकवर, म्हणजे जोडणी सुरू होताना ब्राउझर आणि सर्व्हर ओळख पटवतात त्यावर, कारण प्रत्येक नव्या जोडणीला सर्व्हरला खासगी कीने (फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त किल्लीने) सही करावी लागते.

सर्वांत नुकसान करणारी चूक सहसा दिसतच नाही. लोड बॅलन्सरच्या (विनंत्या वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या) मागे एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या चार प्रती, आणि प्रत्येकीने सुरू होताना स्वतःची वेगळी तिकीट की (सेशन तिकिटं बनवायची आणि उघडायची किल्ली) बनवलेली. ब्राउझर एका सर्व्हरकडून सेशन तिकीट, म्हणजे पुढच्या वेळी पूर्ण हँडशेक टाळणारा पास घेतो, पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातो. त्या दुसऱ्याला ते तिकीट उघडता येत नाही, म्हणून पुन्हा पूर्ण हँडशेक. साइट चालू असते, एरर कुठेच येत नाही, फक्त सीपीयू जळत राहतो. तपासायचं तर अ‍ॅक्सेस लॉगमध्ये (आलेल्या विनंत्यांच्या नोंदींत) ‘एसएसएल सेशन रीयूज्ड’ हे व्हेरिएबल टाका: जुनं सेशन वापरलं गेलं तर ‘आर’ उमटतो, नाहीतर नुसतं टिंब. परत येणाऱ्यांच्या नावापुढे टिंबांची रांग दिसली की चोर सापडला.

उपाय म्हणजे सगळ्या सर्व्हरवर एकच ८० बाइटची की फाइल. ती अधूनमधून बदलायलाच हवी, आणि इथे क्रम चुकवू नका. एनजिनएक्स पहिल्या कीने तिकीट बनवतो, बाकीच्यांनी फक्त उघडतो. म्हणून नवी की आधी सगळीकडे दुसऱ्या जागी ठेवा, मगच पहिली करा.

‘जास्त सुरक्षित’ म्हणून सहीसाठी ४०९६ बिटांची आरएसए प्रकारची की घेणंही महागात पडतं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरची स्पीड चाचणी आपल्याच सर्व्हरवर चालवा. २०४८ बिटांपेक्षा सेकंदाला सह्या कितीतरी कमी होतात, आणि ईसीडीएसए पी-२५६ हा कीचा दुसरा प्रकार दोघांच्याही पुढे जातो. जुने ब्राउझर वापरणाऱ्यांची काळजी असेल तर आरएसए आणि ईसीडीएसए अशी दोन्ही प्रमाणपत्रं शेजारी शेजारी लावता येतात.

मेमरी वाचवायला कीप-अलाइव्ह (जोडणी उघडी ठेवण्याची मुदत) शून्यावर आणू नका. मूळचे ७५ सेकंद कमी करा हवं तर, पण बंद केलंत तर पानावरच्या प्रत्येक चित्रासाठी नवी जोडणी होईल.

एचटीटीपीएसमागच्या टीएलएस प्रोटोकॉलची १.३ आवृत्ती सुरू कराच. २०१८ साली आलेल्या या आवृत्तीत हँडशेकची एक फेरी वाचते. तिच्यातली झिरो-आरटीटी (हँडशेक पूर्ण व्हायची वाट न पाहता विनंती पाठवायची) सोय मात्र सरसकट चालू करू नका: त्यात पाठवलेली विनंती कुणी पकडून पुन्हा पाठवू शकतो. पैसे भरण्याच्या पानावर ती बंदच असू द्या.