मुलांना आणि शिक्षकांना आपली वाटेल अशी शाळा: मुख्याध्यापकांसाठी काही सूचना

शाळेचे वातावरण सुधारण्याचा विषय निघाला की बोलक्या भिंती, सुविचारांचे फलक आणि रंगरंगोटी यांपासून सुरुवात होते. त्या गोष्टी अवश्य असाव्यात. परंतु ज्या शाळेत मुख्याध्यापक एखाद्या शिक्षकाला वर्गासमोर सुनावतात, तेथे तो शिक्षक मुलांना त्याच सुरात सुनावतो आणि मोठी मुले तोच सूर लहान मुलांवर काढतात. म्हणून या कामाचा आरंभ मोठ्यांच्या आपसातील वागण्यापासून करावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील सूचना जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून केल्या आहेत.

सर्वप्रथम कामाची वाटणी पाहावी. शालेय पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची (शाळांची माहिती नोंदवण्याच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेची) माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि गणवेशाचा हिशेब ही कामे पुष्कळदा संगणक येणाऱ्या एकाच तरुण शिक्षकाच्या गळ्यात पडतात. तो मानधनावरचा शिक्षणसेवक असेल तर त्याला नाही म्हणणेही अवघड जाते आणि त्याचा वर्ग मात्र दुपारभर वाऱ्यावर राहतो. जूनमधील पहिल्याच बैठकीत अशा सर्व कामांची यादी सर्वांसमोर मांडावी, प्रत्येक कामासाठी एक मुख्य आणि एक पर्यायी नाव ठरवावे, तो तक्ता कार्यालयात लावावा आणि दिवाळीनंतर कामांची अदलाबदल करावी. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या नावावरही एक किचकट काम घ्यावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. वरून येणारे प्रत्येक काम रोखणे मुख्याध्यापकांच्या हातात नसते, हे खरे. तरी शाळेने आपल्याकडून त्यात भर घालू नये, एवढे तरी नक्की पाळता येते.

चूक दाखवायची असेल तर ती एकांतात, त्याच दिवशी आणि नेमक्या शब्दांत दाखवावी. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर कोणाकडेही नाव घेऊन खुलासा मागू नये. बदली होऊन आलेल्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यात एक जुना सहकारी जोडून द्यावा. स्वयंपाकी ताई आणि मदतनीस यांना मुलांसमोर एकेरी हाक मारू नये. मुले हे ऐकतात आणि तसेच बोलू लागतात.

त्यानंतर मुलांकडे वळावे. चौथी ते सातवीच्या प्रत्येक मुलाला शाळेचा साधा नकाशा काढलेला कागद द्यावा, त्यावर नाव लिहू देऊ नये, आणि जेथे बरे वाटते तेथे हिरवी, जेथे भीती किंवा संकोच वाटतो तेथे लाल खूण करण्यास सांगावे. लाल खुणा बहुधा स्वच्छतागृहाच्या मागची बाजू, पाण्याची टाकी किंवा फाटकापाशी अशा ठिकाणी गोळा होतात, म्हणजे नेमक्या त्या ठिकाणी, जेथे मधल्या सुट्टीत एकही शिक्षक उभा नसतो. तेथे आळीपाळीने शिक्षकांनी थांबावे. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी लागते का, पाणी आहे का आणि किल्ली मागायला कोणाकडे जावे लागते, हे शिक्षिकेने रोज पाहावे. नकाशावरून काय कळले आणि काय बदलले, हे परिपाठात मुलांना सांगितल्याशिवाय पुढच्या वेळी ती खरे लिहिणार नाहीत.

रोजच्या तीन प्रथा मात्र ताबडतोब थांबवाव्यात. उशिरा आलेल्या मुलाला परिपाठ संपेपर्यंत वेगळे उभे करणे ही पहिली. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांच्या मागे धाकट्या भावंडाला सांभाळून आलेली मुलगी दहा मिनिटे उशिरा येते, तेव्हा ती शाळेत आली हीच मोठी गोष्ट असते. तिला रांगेत घ्यावे आणि कारण नंतर शांतपणे विचारावे. दुसरी प्रथा म्हणजे शिक्षक वर्गात नसताना मॉनिटरने बडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे. यातून मुलांमध्ये चुगली आणि वैर वाढते. मॉनिटरला वह्या वाटणे, गैरहजर मुलाला अभ्यास कळवणे यांसारखी कामे द्यावीत आणि ही जबाबदारी दर पंधरा दिवसांनी बदलावी. तिसरी आणि सर्वांत अपमानास्पद प्रथा म्हणजे शिष्यवृत्तीची माहिती भरताना प्रवर्गाचे नाव पुकारून मुलांना उभे करणे. ही माहिती शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असते. शंका असल्यास पालकांना विचारावी. भर वर्गात जात विचारली गेलेले मूल तो प्रसंग विसरत नाही.

शिस्तीचा प्रश्न यानंतर येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे, म्हणून छडी बाजूला ठेवून टोमणे मारणे हाही नियमभंगच आहे. दोन मुलांची मारामारी झाली, तर आधी दोघांना वेगळे करून शांत होऊ द्यावे. मग प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: काय झाले, त्यामुळे कोणाला काय त्रास झाला, आणि आता ते भरून कसे काढायचे? उत्तर मुलानेच द्यावे. फाटलेली वही नवी करून लिहून देणे किंवा दुखावलेल्या मित्राशी स्वतःहून बोलणे, अशी उत्तरे मुले देतात. पहिल्या काही वेळा याला वेळ लागतो आणि तास बुडतो, परंतु तो वेळ द्यावाच.

तक्रारपेटी लावली असेल तर ती दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, किमान दोघांच्या उपस्थितीत उघडावी. एखाद्या मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितले, तर ते पूर्ण ऐकून घ्यावे, खोदून खोदून विचारू नये आणि 2012 च्या पॉक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याप्रमाणे पोलिसांना तत्काळ कळवावे. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण आपसात मिटवण्याचा अधिकार कोणालाही नाही. माहिती दडवणे हा गुन्हा आहे. अडचणीतील मुलांसाठी असलेल्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक प्रत्येक वर्गात, पहिलीच्या मुलाला दिसेल इतक्या उंचीवर लिहावा.

भाषेबद्दल थोडेसे. कोरकू, गोंडी, भिली किंवा अहिराणी बोलत आलेल्या मुलाचे पहिले उत्तर त्याच्या बोलीतच स्वीकारावे आणि प्रमाण मराठी शब्द त्याच्या जोडीला द्यावा. त्याच्या उच्चारावर वर्ग हसला, तर ते हसू शिक्षकाने तेथेच थांबवावे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असणे कायद्याने आवश्यक आहे, पण दुपारी दोनची बैठक म्हणजे मजुरी करणाऱ्या आईचा बुडालेला रोजगार. बैठक संध्याकाळी किंवा स्थानिक बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी ठेवावी, सर्वांना सारख्याच खुर्च्यांवर किंवा सारख्याच सतरंजीवर बसवावे आणि हिशेबापूर्वी पालकांचे म्हणणे घ्यावे. लिहिलेले इतिवृत्त सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मागच्या बैठकीतील कोणते काम झाले व कोणते राहिले, याने पुढची बैठक सुरू करावी.