काचबिंदूचे थेंब डोळ्यात नीट कसे घालावेत

आईला काचबिंदू असल्याचं कळून ११ वर्षं झाली. तेव्हापासून सकाळ-रात्र तिच्या डोळ्यांत थेंब मीच घालते. त्यातलं पहिलं दीड वर्ष मी ते चुकीचे घालत होते, म्हणून हे लिहितेय.

आधी एक गैरसमज. हा मोतीबिंदू नव्हे, ‘पिकू दे, मग बघू’ इथे चालत नाही. मोतीबिंदूत गढूळ झालेलं भिंग बदललं की पुन्हा दिसतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस झिजते आणि गेलेली नजर परत येत नाही. बहुतेकांना दुखत नाही, आधी कडेचं दिसणं जातं, त्यामुळे पत्ताच लागत नाही.

नुसतं डोळ्यातलं प्रेशर मोजून ‘नॉर्मल आहे’ म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नका. १० ते २१ हा आकडा ठीक मानतात, पण त्याच्या आतही नस झिजू शकते. नसेची तपासणी, गोनिओस्कोपी (डोळ्यातला पाणी निचऱ्याचा कोन बघणं), ओसीटी (नसेचा स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (कडेचं किती दिसतं ते बघणं) झाली का, हे विचारा. फील्ड टेस्टमध्ये ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. पहिल्यांदा ते नीट जमत नाही, म्हणून रिपोर्ट वाईट आला तरी घाबरण्याआधी टेस्ट पुन्हा करून घ्या. डोळ्याच्या आतल्या पाण्याचा निचरा होतो तो कोन बंद होत असेल तर लेझरने बुबुळाला बारीक छिद्र पाडतात. कोन उघडा असेल तर थेंब किंवा लेझर, आणि त्यानेही भागलं नाही तर ऑपरेशन.

आता थेंब. आईचं प्रेशर औषध चालू असून उतरेना. औषध बदलण्याआधी डॉक्टर म्हणाले, “माझ्यासमोर घालून दाखवा.” मी बसल्या बसल्या दोन-तीन थेंब टाकले, आईने पापण्या फडफडवल्या, अर्धं औषध गालावर. लगेच दुसऱ्या बाटलीचा थेंब. सगळंच चुकलेलं.

बरोबर पद्धत अशी. हात धुवा, माणसाला उताणं झोपवा. खालची पापणी बोटाने हलकेच ओढली की छोटा खिसा तयार होतो. नजर छताकडे ठेवायला सांगून त्या खिशात एकच थेंब सोडा. बाटलीचं तोंड पापणीला टेकू देऊ नका. डोळ्यात एका थेंबाचीसुद्धा पूर्ण जागा नसते, त्यामुळे ‘दोन टाकले तर जास्त गुण’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. पहिला थेंब आत पडलाच नाही असं वाटलं तरच दुसरा.

मग डोळा अलगद मिटायचा, गच्च नाही, आणि नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. घड्याळ लावून. तिथून अश्रूंची नळी नाकात उतरते, त्या वाटेने औषध घशात आणि रक्तात जातं. घशात कडू लागतं, असं आई कितीदा म्हणाली होती, मी कानाआड केलं. टिमोलॉलसारख्या काचबिंदूच्या थेंबांनी नाडी मंद होते, दम्याच्या माणसाला श्वास लागतो. आधीपासून दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना तो सांगितलाच पाहिजे. ‘डोळ्याचंच तर औषध’ म्हणून गप्प बसू नका.

दोन औषधांमध्ये पाच मिनिटं सोडा, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं.

बाटली उघडली ती तारीख तिच्यावर लिहा. बऱ्याच बाटल्या उघडल्यापासून चार आठवड्यांत टाकून द्यायच्या असतात. लॅटॅनोप्रोस्ट या काचबिंदूच्या थेंबांची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा.

बरं वाटतंय म्हणून थेंब बंद करू नका. यात बरं-वाईट वाटत नाहीच, नस मात्र झिजत राहते. डोळे लाल झाले की दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब तर मुळीच नकोत, त्यांनी प्रेशर चढतं. अचानक डोळा प्रचंड दुखला, लाल झाला, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर रात्र असली तरी निघा.

आणि आई-वडिलांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर मुलांनी स्वतःचे डोळेही तपासून घ्यावेत. माझी तपासणी दरवर्षी दिवाळीनंतर असते. भाऊ तीन वर्षं टाळत होता, शेवटी त्याची वेळ मीच घेतली.