भाड्याच्या घरात बुरशी आली तर खर्च कोणाचा?

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलै लागला की कपाटामागे काळे ठिपके दिसतात, चपलांवर पांढरी लव चढते आणि वाद सुरू होतो. मालक म्हणतो, तुम्ही खिडक्या उघडत नाही. भाडेकरू म्हणतो, भिंतच ओली आहे. पाणी भिंतीतून येतंय की खोलीतल्या हवेतून, हे कळेपर्यंत पैशांचं बोलू नका.

ते घरच्या घरी कळतं. डागाची जागा पुसून कोरडी करा. त्यावर एक फूट लांब-रुंद ॲल्युमिनियम फॉइल लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर हवेतला दमटपणा भिंतीवर साचतोय. फॉइल काढल्यावर मागची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्हीकडे ओल असेल तर दोन्ही कारणं आहेत आणि आपल्याकडे असं बऱ्याचदा होतं.

डागाची जागाही बरंच सांगते. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत ओल, गिलाव्याला पापुद्रे आणि पांढरा क्षार दिसला, तर चिऱ्याची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढतेय. छताच्या कोपऱ्यात डाग असेल तर गच्ची किंवा वरच्या फ्लॅटचं बाथरूम तपासायला हवं. कौलारू घरात शाकारणी चुकली की वाशाखाली ओघळ उतरतात. हे सगळं मालकाचं काम. वरच्या फ्लॅटमधून गळत असेल तर सोसायटीला पत्रही त्यानेच द्यायचं, कारण सभासद तो आहे. खोलीत कपडे वाळवणं, बाथरूमचा एक्झॉस्ट बंद ठेवणं, कपाट भिंतीला चिकटवणं ही भाडेकरूची बाजू. कपाट चार बोटं पुढे ओढा आणि आंघोळीनंतर एक्झॉस्ट अर्धा तास चालू ठेवा.

डाग दिसला त्याच दिवशी शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि लेखी कळवा. एवढं पुरे:

“नमस्कार काका. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत ओल आहे, गिलावा सुटतोय. फॉइल लावून पाहिलं, पाणी भिंतीतून येतंय. फोटो पाठवतो आहे. या आठवड्यात गवंड्याला दाखवाल का?”

संपत्ती हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे, जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती कळवूनही त्याने वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ‘बांधील आहे’ हेच दाखवावं लागतं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (भाडेपट्टा नव्हे, फक्त राहण्याची परवानगी देणारा करार) असेल तर करारातले शब्दच कामाला येतात. म्हणून सही करण्याआधी एक वाक्य घालून घ्याच: “छत, बाहेरच्या भिंती आणि नळजोडणीतून येणाऱ्या ओलीची दुरुस्ती मालक करेल.”

एखाद्या चौरस मीटरपर्यंतची बुरशी साबणाच्या पाण्याने स्वतः साफ करता येते. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. कोरडी खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. संडासाचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला तोवर दुसऱ्या खोलीत ठेवा.

ओल्या भिंतीवर रंग लावून “झालं काम” म्हणणारा मालक पैसे वाया घालवतो. आतली ओल तो रंग महिन्या-दोन महिन्यांत सोलून काढते. पावसात ताडपत्री घाला, फुटलेलं कौल बदला, पन्हळ साफ करा. गिलावा आणि रंग भिंत पूर्ण वाळल्यावर, जानेवारीनंतर. चिऱ्याच्या जुन्या भिंतीला चुन्याचा गिलावा बरा, सिमेंटमागे ओल कोंडून राहते आणि आणखी वर चढते.

घर सोडताना त्याच भिंतीचे पुन्हा फोटो काढा आणि पहिल्या मेसेजसोबत मालकाला दाखवा, डिपॉझिटचा हिशोब होण्याआधी.